झेलणारी

झोक्यांवरच्या कसरती करणाऱ्या सगळ्यांची सर्कशीच्या नव्या दिग्दर्शकाने स्वभावचाचणी घेतली. त्यात दोघी सख्ख्या बहिणी होत्या. धाकटी झोका सोडून हवेत झेप घ्यायची. ती ठरली ‘कल्पक’. थोरली समोरच्या झोक्याला उलटी लटकून तिला झेलायची. ती ठरली ‘चाकोरीतली’. त्याच संध्याकाळच्या खेळात धाकटीने कुणालाही न सांगता हवेत एक कोलांटी जास्त मारली. खाली जाळी नव्हती. थोरलीच्या हाती तिचं जेमतेम एक मनगट लागलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

कपडे बदलायच्या खोलीत शिरताच थोरलीने दार आपटलं. “मला न विचारता कोलांटी वाढवलीस कशी तू?”

“सुचली, मारली!” धाकटी सुजलेलं मनगट चोळत हसली. “लोकांना आवडली ना? तुला नाही कळायचं ते, ताई. तुला कल्पनाशक्तीच नाही. नवे सरसुद्धा तेच म्हणाले.”

“मला कल्पनाशक्ती नाही?” थोरली ओरडली. “अगं, तू झोका सोडलास की दर वेळी तू खाली पडलेली दिसतेस मला! आईला फोनवर काय सांगायचं, ते शब्दसुद्धा पाठ झालेत माझे!”