सहावं कलम

सहाव्या कलमाचा आग्रह सोडलात तर बाकीचा कायदा आजच पुढे सरकेल, असं संसदीय समितीच्या सचिवांनी दारातच सांगितलं. बोलणं अगदी अदबीचं. ओपलबाईंनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि सुनेचा दंड धरून वॉशिंग्टनच्या त्या गुळगुळीत फरशीवरून जपून चालू लागल्या.

ग्लेंडाला मात्र हायसं वाटलं.

"आई, सोडून द्या ना ते," ती म्हणाली. "पाच कलमं मिळताहेत. नुसती वर्षं उलटली म्हणून बेपत्ता सैनिकाला आता मृत ठरवता येणार नाही, त्याची फाईल बंद करता येणार नाही. यासाठीच तर इतके खेटे घातले आपण."

"तू गाडी चालवायला आलीस की वकिली करायला?"

कॅन्ससहून दोन दिवस ग्लेंडाच गाडी चालवत आली होती, आणि वाटेत सासूबाईंनी तिच्या वळणांपासून मोटेलच्या कॉफीपर्यंत सगळ्याला नावं ठेवली होती.

सहावं कलम ओपलबाईंनी स्वतः घालायला लावलं होतं. सैनिक विवाहित असेल तर त्याची खबर लष्कर फक्त बायकोला कळवी. आईला सांगायचं की नाही, ते सुनेच्या मर्जीवर. यापुढे दोघींना वेगवेगळं पत्र जावं, आणि जुन्या प्रकरणांतही जावं, असं त्या कलमात म्हटलं होतं.

तसं पत्र ओपलबाईंच्या नावे आलं, की ग्लेंडानं लपवलेलं सगळं उघडं पडणार होतं.

ग्लेंडाचा बेपत्ता नवरा डेल सापडून तीन वर्षं झाली होती. व्हिएतनामातल्या एका डोंगरउतारावर विमानाचे तुकडे आणि एक दात, एवढंच. ओळख पटल्याचं पत्र आलं तेव्हा ओपलबाई हृदयाच्या दुखण्यानं इस्पितळात होत्या. आणि आदल्याच वर्षी, दुसऱ्या एका आईच्या हाती लष्करानं अशाच एका दाताची पेटी दिली, तेव्हा बेपत्ता सैनिकांच्या आयांच्या भर सभेत उठून त्या म्हणाल्या होत्या, "दाताला मुलगा म्हणता होय? दात पडूनही माणूस जगतो." सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ग्लेंडानंही.

तिनं ओळख मान्य असल्याची सही केली. वर्तमानपत्रात काही देऊ नका म्हणाली. चार महिन्यांनी, बहिणीकडे जाते असं सांगून, तिनं मिसुरीतल्या सैनिकी दफनभूमीत नवऱ्याला एकटीनं मूठमाती दिली. दफनाच्या वेळी लष्करानं दिलेला घडी घातलेला झेंडा बहिणीच्या माळ्यावर ठेवला. आज सांगू, जरा ताकद आली की सांगू, असं करता करता तीन वर्षं गेली. आणि त्या तीन वर्षांत दोघी चर्चच्या जेवणांत, गुरांच्या प्रदर्शनांत, जिथं चार माणसं जमतील तिथं टेबल मांडून कायद्यासाठी सह्या गोळा करत राहिल्या.

ओपलबाईही अलीकडे निवळल्या होत्या. पूर्वी टपालाची गाडी दिसली की फाटकापर्यंत धावत. आता "काही आलं का?" असंही विचारत नसत. मे महिन्यात सैनिकांचा स्मृतिदिन आला की गुडघ्यांची तक्रार सांगून घरी बसत आणि म्हणत, "तू जा गं तुला जायचं तिथं. सावकाश ये." वय झालं, दुसरं काय, असं ग्लेंडा समजे.

सभागृहाच्या दाराशी ती पुन्हा थांबली.

"आई, समजा तसं पत्र आलंच. सोसेल तुम्हाला?"

ओपलबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कॉलर सरळ कर आधी," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील, सुनेकडे लक्ष नाही म्हातारीचं."

आत सात सदस्य बसले होते. अध्यक्षांनी पाच कलमांची तारीफ केली. मग चष्मा काढून हसत विचारलं की हे सहावं म्हणजे घराघरांत भांडण लावण्याचा प्रकार नाही का, बाईंचा आपल्या सुनेवर भरवसा नाही का. मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली. ग्लेंडानं मान खाली घातली.

ओपलबाईंनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"माझा मुलगा तीन वर्षांपूर्वीच सापडला, साहेब. मिसुरीत त्याला पुरलंय. हिनं पुरलंय. दफनभूमीतून फोन आला तेव्हा ही किराणा आणायला गेली होती. दगडावरच्या नावाची अक्षरं बरोबर आहेत ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, बरोबर आहेत."

ग्लेंडानं बाकाची कड घट्ट धरली.

"मला धक्का बसेल म्हणून हिनं मला सांगितलं नाही. हिला लाज वाटेल म्हणून मी हिला सांगितलं नाही. भरवशाचं विचारता? तुम्ही एकच पत्र पाठवलंत. दोन पाठवली असतीत, तर त्या दिवशी हिच्या शेजारी मी उभी असते."