एकावर एक तीन थर

“ही सकाळी, ही रात्री. आणि ही तिसरी ज्या दिवशी लावाल, त्या रात्री दुसरीला हात लावायचा नाही,” मावशीने गिऱ्हाईक बाईंना बजावलं. “तिन्ही एकदम थापलीत तर तोंड भाजून निघेल. मग माझ्या नावाने खडे फोडू नका.”

बाई हसल्या. मावशीच्या दुकानातून माणूस सहसा हसतच बाहेर पडायचा. सकाळच्या बाटलीत व्हिटॅमिन सी, रात्रीच्या बाटलीत उन्हाचं वावडं असलेलं रेटिनॉल, तिसरीत मुरमांवरचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड. कोणत्या दोघी जावा एका स्वयंपाकघरात नांदतील आणि कोणत्या भांडी आपटतील हे जसं घरच्या बाईला कळतं, तसं मावशीला हे कळायचं. आजवर तिने दुसऱ्यांचा माल विकला. आता तिच्या स्वतःच्या बाटल्या बाजारात यायच्या होत्या. खोकीसुद्धा छापून झाली होती. घोडं अडलं होतं ते जाहिरातीतल्या चेहऱ्यापाशी.

तो चेहरा समोरच्या स्टुलावर हनुवटी झाकून बसला होता. तिची भाची.

भाचीला एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. अर्ज करून करून ती रडकुंडीला आली होती, आणि हे पहिलंच बोलावणं. ही नोकरी तिला हवीच होती.

“तिथे सगळ्यात आधी चेहरा बघतात गं मावशी. आणि माझं हे असं!”

मावशीने तिला दिव्याखाली नेलं. हनुवटी वर केली, गाल इकडून तिकडून निरखले.

“मिटली काळजी,” मग ती म्हणाली. “चेहरा मला दे. मुलाखत तुझी.”

लगोलग फोटोवाला आला. केस मागे बांधलेले, मेकअपचा ठिपकाही नाही.

“दोनच फोटो लागतील,” मावशीने त्याला सांगितलं. “एक आजचा, एक काम झाल्यावर.”

भाची मावशीकडेच राहायला आली. संध्याकाळी दुकान बंद झालं की मावशी तिला खुर्चीत बसवायची आणि स्वतःच्या हाताने बाटल्या लावायची. पहिली, दुसरी, तिसरी. एकावर एक.

“पण त्या बाईंना तर तू वेगवेगळं लावायला सांगितलंस,” भाची डोळे मिटून म्हणाली.

“त्यांच्याजवळ मी आहे का रोज? तुझ्याजवळ आहे.”

भाचीने पुन्हा मान मागे टेकली. आईपेक्षाही मावशीवर तिचा जीव जास्त. शाळेत असल्यापासून तिचं अडलेलं प्रत्येक काम मावशीनेच मार्गी लावलं होतं.

दुपारी मावशी तिला जाहिरातीची पत्रकं वाटायला चौकात पाठवायची. उन्हाचं क्रीम लावू का, असं भाचीने विचारलं, तर मावशीने मान हलवली. “वर आणखी काही थापू नकोस. कातडीला जरा मोकळं राहू दे.”

आठवड्याभरात गाल लाल झाले. मग सोलवटले. कपाळावर पुरळ उठलं आणि गालांवर काळपट डाग धरू लागले. भाचीने आरशावर टॉवेल टाकला.

तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला आणि लेकीचा चेहरा बघून ती हादरलीच.

“अगं, काय करून ठेवलंयस पोरीचं?”

“ताई, आतली घाण वर येतेय. आधी वाढतं, मग उतरतं. मी आयुष्यभर हेच केलंय ना?” मावशीचा आवाज इतका शांत होता की आई ओशाळली. मधेच आपण उगाच नाक खुपसलं, असं तिला वाटलं.

भाचीने मात्र एका संध्याकाळी चेहरा मागे घेतला. “मावशी, फार चुरचुरतं गं. थांबूया ना. मुलाखत तोंडावर आलीय.”

“आणखी थोडंच,” मावशीने तिची हनुवटी हलकेच धरली. “माझ्यावर विश्वास आहे ना?”

होता. भाचीने चेहरा पुढे केला.

मुलाखतीच्या आदल्या सकाळी मावशीने तिला खिडकीपाशी उभं केलं, नीट पाहिलं आणि फोटोवाल्याला बोलावलं. कॅमेऱ्यासमोर भाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सोललेल्या गालांवर ते झोंबत होतं. मावशीने कापसाने ते हळूच टिपलं.

“झालं हं. आजपासून सगळं बंद. आता काही लावायचं नाही, आपोआप निवळेल.”

“पण उद्या मी जाऊ कशी गं?”

“नोकऱ्या काय, पुष्कळ येतात.” मावशीने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि आत पडायला पाठवलं.

दार लागलं. फोटोवाला कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत चुळबुळत होता. पहिल्या फोटोत हनुवटीवरच्या एका पुळीखेरीज काही नव्हतं. आणि हा!

“मॅडम, लहान तोंडी मोठा घास घेतोय. औषध उलटलंय हो. हा फोटो छापला तर तुमच्या बाटलीला कुत्रं विचारणार नाही. ती बरी झाली की पुन्हा काढू.”

“कशाला? मला हवा होता तस्साच आलाय,” मावशी म्हणाली. “याच्याखाली लिही, ‘वापरण्याआधी’.”