नाकापर्यंत छापलेले सासरे

"मशीन माझ्या शब्दाबाहेर नाही, बाबा!" बॅनर छापणाऱ्या जावयाने सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आता त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम तासाभरावर आला, तरी मशीन त्यांचा फोटो नाकापर्यंतच छापून अडकत होतं.

"मग मी काय नाकापर्यंतच निवृत्त होऊ?" सासरे खेकसले.

जावयाने घाईघाईने मशीन उघडलं. शाईच्या नळ्या तपासून झाल्या, दिसेल ते घासूनपुसून झालं, तेव्हा त्याने मेकॅनिकला फोन लावला.

"आतली पारदर्शक पट्टी मळली असेल," मेकॅनिक म्हणाला. "तिच्यावरच्या बारीक काळ्या रेघा वाचूनच मशीन चालतं. ओल्या फडक्याने हळूच पुसा. थिनर लावू नका हं, रेघा जातील."

जावयाने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. थिनरने भिजलेलं ते फडकं काळंकुट्ट झालं होतं आणि पट्टी काचेसारखी लख्ख होती.