मागची चाकं

इल्वानं दार ओढून घेतलं, सीट पुढे सरकवली आणि चावी फिरवली. बाहेर उणे सव्वीस होतं, तरी इंजिन एका दमात सुरू झालं, कारण रात्रभर त्याला हीटरची वायर लावलेली होती. तिनं क्लच सोडला. गाडी मागून दबली, हातभर पुढे गेली आणि थांबली. मागची चाकं फिरलीच नव्हती, बर्फावरून नुसती फरफटत आली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा बाप हेल्मर गार झालेली कॉफी हातात धरून उभा होता. ती वायर त्यानंच लावली होती. आणि काल संध्याकाळी, तिनं प्रवासासाठी गाडी धुऊन आणल्यावर, हँडब्रेकही त्यानंच ओढला होता. सकाळी सहाला जाऊन गुपचूप लिव्हर खाली केला, म्हणजे बघणाऱ्याला काही दिसू नये. लिव्हर खाली केला म्हणून काय झालं? आत ओले ब्रेक चाकातल्या ड्रमला गोठून चिकटलेच होते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथं थंडीत कुणी हँडब्रेक ओढत नाही, गाडी गिअरमध्ये टाकून ठेवतात. हेल्मरच्या गॅरेजच्या दारावर चाळीस वर्षं तशी पाटीच होती, त्यानं स्वतः रंगवलेली.

"पप्पा, जरा बाहेर या!"

तो टोपी न घालताच आला. चाकापाशी वाकला, हनुवटी चोळली.

"ब्रेकचा सिलिंडर अडकलाय," तो म्हणाला. "गंजला असेल आतून. पार्ट मागवावा लागेल. गुरुवारपर्यंत येईल."

"सोमवारी सातला मला खाली दक्षिणेत गोथेनबर्गला हजर व्हायचंय. नाही गेले तर ती नोकरी दुसऱ्याला जाईल."

"त्याला गाडी तरी काय करणार?"

इल्वा खाली उतरली. एका चाकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे.

"दोन्ही सिलिंडर? एका रात्रीत?" ती म्हणाली. "सिलिंडर अडकला तर एकच चाक धरतं, गाडी एका अंगाला ओढते. हे मला कुणी शिकवलं, पप्पा?"

हेल्मर पुन्हा चाकापाशी वाकला. ब्रेकच्या बाबतीत तो जन्मात कुणाशी खोटं बोलला नव्हता, सख्ख्या मेहुण्याशीसुद्धा नाही. आज पहिल्यांदा बोलला, तर पोरीनं उभ्या उभ्या पकडलं, आणि पकडायला शिकवलं होतं त्यानंच. खरं सांगावं तर ती तासाभरात गेलेली असणार. न सांगावं तर चाळीस वर्षांची विद्या पाण्यात. त्याला भीती वाटत होती. गॅरेज बंद झालं होतं, बायको गेली होती, आता टेबलावर एकच कप राहणार होता.

तेवढ्यात शेजारची गुनेल पायानं रेटायच्या घसरगाडीवरून दुकानाकडे निघाली होती, ती फाटकापाशी थांबली. चाकांमागचे दोन गुळगुळीत पट्टे तिला लांबूनच दिसले.

"काय गं इल्वा, हँडब्रेक ओढलास? हेल्मरच्या पोरीनं?" ती खदखदून हसली. "दिव्याखाली अंधार तो हाच! अजून गाव सोडलं नाहीस, तोवर दक्षिणेकडची झालीस!"

"हो ना, गुनेलमावशी," इल्वा म्हणाली. "घाईत ओढला. लक्षातच राहिलं नाही."

"थांब, दुकानात सगळ्यांना सांगते."

"तिनं नाही ओढला," हेल्मर म्हणाला. त्याचा आवाज नको तेवढा मोठा आला. "मी ओढला. काल. मुद्दाम."

गुनेलचं हसू तोंडातच राहिलं. तिनं मागच्या सीटवर रचलेली खोकी बघितली, त्यावर दोरीनं बांधलेला टेबललॅम्प बघितला.

"मग हातोडी आण की," ती हळूच म्हणाली. "बोडक्यानं उभा काय राहिलास?" आणि घसरगाडी रेटत निघून गेली.

हेल्मरनं हातोडी आणली आणि बर्फात आडवा झाला. ड्रमच्या कडेवर एक ठोका, दुसरा, तिसरा. ठोका नेमका बसत होता. उजवं चाक खाडकन सुटलं. डाव्याला वेळ लागला. की त्यानं लावला, ते त्याचं त्याला माहीत. शेवटी तेही सुटलं.

इल्वा आत बसली, काच खाली केली.

"मला ठाऊक होतं, पप्पा."

"केव्हापासून?"

"बसले तेव्हाच. सीट मागे सरकवलेली होती. तुमच्या पायांच्या मापाची."

तो चाकाशेजारी बर्फातच बसून होता. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगताय का, बघत होते." तिनं गिअर टाकला. "पाय घ्या मागे. निघते."

हेल्मरनं पाय मागे घेतले. हात तेवढा टायरवर राहिला. तिनं हळूच क्लच सोडला, आणि चाक त्याच्या तळव्याखालून फिरत पुढे गेलं.