नव्यासारखं

डबी उघडली आणि वकीलसाहेबांच्या छातीत, जिथले टाके अजून ताजे होते तिथेच, धस्स झालं. घड्याळ लखलखत होतं.

"कसं दिसतंय?" वकीलीणबाई पदराला हात पुसत जवळ आल्या. "नुसते ओरखडे होते हो त्याच्यावर. तुम्ही हॉस्पिटलात होतात ना, तेव्हा आपल्या सोनाराकडून पॉलिश करून आणलं. म्हटलं, घरी आलात की चकित करायचं."

सत्तर वर्षांचं घड्याळ ते, वकीलसाहेबांनी जमवलेल्या सात जुन्या घड्याळांतलं एक. महिना तिसाचा की एकतिसाचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, सगळं त्याला आपलं आपण कळायचं. सत्तर वर्षांत त्याच्या अंगाला कुणी पॉलिश लावलं नव्हतं, आणि त्याची सारी किंमत त्यातच होती. आता कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. झाकणावरचा बारीक शिक्का तर पार पुसला गेला होता. त्याच कारागिराच्या हातचं, याहून दुर्मीळ असं एक घड्याळ त्यांच्या घड्याळप्रेमी मंडळातल्या डॉक्टरांकडे होतं. अकरा वर्षं मनधरणी केल्यावर कुठे ते याच्याशी अदलाबदलीला तयार झाले होते. आज, आत्ता. जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाजही येत होता.

वकीलसाहेबांनी ओरडायला तोंड उघडलं. बायकोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना दिसली. पंधरा दिवस ती हॉस्पिटलच्या बाकावर झोपली होती. त्यांनी तोंड मिटलं.

डॉक्टर दातांचे, किडका दात आणि बिघडवलेलं घड्याळ त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. घड्याळ एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. चहाचा ट्रे धरून वकीलीणबाई कौतुकाच्या आशेने उभ्याच राहिल्या.

"याला हात कुणी लावला?" डॉक्टरांचा आवाज चढला. "कुठल्या अडाण्याने..."

"मी," वकीलसाहेब घाईने म्हणाले. "मीच सांगितलं पॉलिश करायला."

जन्मभर दुसऱ्यांची खोटी बाजू मांडली, पण बायकोसाठी खोटं बोलायची वेळ आली नव्हती. आली, तर जीभ जराही अडखळली नाही.

डॉक्टर बघतच राहिले. अशाच एका पॉलिशपायी याच माणसाने गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या सभासदाचा भर सभेत पाणउतारा करून त्याला मंडळातून काढलं होतं.

वकीलीणबाईंना काय ते कळेना. चहा निवला म्हणून त्या ट्रे घेऊन आत गेल्या. डॉक्टरांनी भिंग खिशात टाकलं. आणलेली डबी न उघडताच बॅगेत गेली.

"आराम करा, वकीलसाहेब," ते म्हणाले. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाशी बोलतात तसं, हळू. चहासाठी ते थांबले नाहीत. दिवस मावळायच्या आत ही गोष्ट मंडळभर होणार आणि तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे वकीलसाहेबांना पक्कं ठाऊक होतं.

"घड्याळ न घेताच गेले?" बाई बाहेर आल्या.

"त्यांना जुनं हवं होतं."

"जाऊ देत. आपलं आपल्याला राहिलं." त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी फुलला होता. "खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्ही मला फाडून खाल. म्हणून भीतभीत एकच दिलं होतं. पण तुम्ही त्यांच्यासमोर माझी बाजू घेतलीत, तेव्हा म्हटलं, आवडलंय यांना. आत गेले ती सोनाराला फोनच लावला. म्हटलं, बाकीची सहाही आत्ताच येऊन घेऊन जा."

"अगं, पण..."

दारावरची बेल वाजली.

वकीलसाहेब उठायला गेले. टाके ओढले गेले आणि ते कळवळून खाली बसले. तोवर बाईंनी कपाट उघडलंही होतं.

"तुम्ही बसा हो," सहा डब्या उराशी धरून त्या दाराकडे निघाल्या. "आले, आले!"