पाचवं शील

लोधीखेड्याची वरात मांडवाशी येऊन टेकली आणि तेवढ्यात पिण्यातला जुना दोस्त भाऊराव यानं नवरीच्या बापाला, शालिकरामला, खांद्याला धरून मांडवामागं नेलं. नवरीची आई यमुना विहिणीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन निघाली होती, ती जागच्या जागी थबकली. भाऊरावच्या सदऱ्याचा खिसा एका बाजूनं चांगलाच लोंबत होता. त्यात काय असेल हे सांगायला तिला कोणी लागत नव्हतं. संसाराच्या एवढ्या वर्षांत तिनं दुसरा अभ्यास केला तरी कशाचा होता!

मागच्या गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेतून शालिकराम नशेत डोकं फोडून घेऊन खाटेवर घरी आला होता. शुद्धीत आल्यावर त्यानं दारू सोडली ती सोडलीच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, संत्र्याचा हंगाम गेला, माणूस कोरडा राहिला. यमुनाचा जीव मात्र काही केल्या भांड्यात पडत नव्हता, आणि त्याला कारण होतं पाचवं शील.

विहारात पंचशील घेताना शालिकरामचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. संत्र्याच्या बागेत पाखरं हाकलून कमावलेला आवाज तो. चार शिलं तो खणखणीत म्हणायचा. पाचवं आलं, म्हणजे दारू-नशेपासून लांब राहीन असं म्हणायचं ते, की तोंड बंद. पीत होता तेव्हाही बंद, आणि सोडल्यावरही बंदच. एकदा यमुनानं न राहवून विचारलं होतं.

"आता तं सुटली ना? मंग म्हणाले काय होते तुमाले?"

"आज सुटली. उद्याचं कोण सांगन? पाचवं म्हटलं आन् उद्या घसरलो, तं चौथंबी मोडते."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. इतका सरळ दारुडा साऱ्या पांढुर्ण्यात शोधून सापडला नसता. हसावं की रडावं तेच यमुनाला कळलं नव्हतं. तेव्हापासून दर वंदनेला ती पाचव्या शिलाशी कान लावून बसायची. हा म्हणत नाही म्हणजे याचं अजून ठरलेलं नाही, एवढंच तिला समजत होतं.

शालिकराम मांडवामागून आला. चेहरा पडलेला, कपाळावर घाम. वैशाखात घाम कोणाला येत नाही? यमुना मुद्दाम त्याला चाटून गेली, पण बुद्धाच्या मूर्तीपुढं अगरबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवलेला. त्या धुरात वास कसला कळणार! तेवढ्यात दादारावांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. वस्तीतली सगळी लग्नं तेच लावत.

त्रिशरण झालं. दादाराव एकेक शील सांगू लागले, मांडव मागोमाग म्हणू लागला. पहिलं, दुसरं, तिसरं. शालिकरामचा आवाज नेहमीसारखाच वर होता. चौथं झालं. दादारावांनी डोळे उचलून शालिकरामकडं पाहिलं. मोठा मऊ माणूस. लेकीच्या बापाची व्याह्यांसमोर शोभा नको, एवढंच त्यांच्या मनात आलं असेल. त्यांनी पाचवं सरळ गिळलं आणि शेवटचा 'साधु, साधु' असा साधुकार द्यायला हात जोडले.

यमुनानं ते बघितलं. म्हणजे दादारावांनाही तोच संशय आला!

"दादाराव, एक राह्यलं ना."

आवाज शालिकरामचाच होता.

"राहू दे ना शालिकराम," दादाराव हळूच म्हणाले. "आज घरात कार्य हाय."

"म्हणूनच म्हणून राह्यलो. हे पावणे काय चारच शिलावर पोरगी नेतीन?"

मागं कोणीतरी खुदकन हसलं. व्याह्यांना काही कळलं नाही, ते आपले अदबीनं उभे. दादारावांनी घसा साफ केला आणि पाचवं शील सांगितलं. शालिकरामनं सुरुवात केली, अर्ध्यात त्याचा आवाज फाटला. त्यानं थांबून पुन्हा पहिल्यापासून, शेवटच्या अक्षरापर्यंत म्हटलं. तेव्हा कुठं बाकीचा मांडव भानावर येऊन मागोमाग म्हणू लागला.

यमुना बायकांत उभी होती तिथंच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. लेक सासरी जायची म्हणून रडते आहे असं समजून विहिणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. यमुनानं फिरवू दिला. इतकं हलकं तिला स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

हार घातले, फुलं पडली, पहिली पंगत बसली. भात वाढायचं सोडून यमुनानं नवऱ्याला खांबाआड गाठलं.

"मांडवामागं काय झालं?"

"शिशी काढली त्यानं. म्हणे, पोरीचं लगन हाय, घोटभर तरी घे."

"मंग?"

शालिकराम पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. "खरं सांगू? नाई म्हणाले जीभच उचलेना वं. म्हटलं, थांब जरा, वंदना घेऊन येतो."

"मंग?"

"मंग काय? तो तिकडंच थांबून असन अजून." त्यानं मांडवाच्या मागच्या बाजूला पाहिलं आणि लगेच नजर इकडं वळवली. "उपाशी असन बिचारा. त्याले जेवाले हाक मार. पण तूच जाय वं, मी नाई जात."