उलट कललेले टाके

थोरली सकाळपासून धाकट्या बहिणीच्या भरतकामाच्या फोटोवर माऊस ठेवून बसली होती. क्लिक मात्र करत नव्हती.

क्लिक केलं असतं तर पंचाईत होती. भरतकाम मंडळाच्या साइटवर कुठलाही फोटो उघडला की खाली 'यांनी पाहिलं' म्हणून नाव येतं. आणि धाकटीचा मेसेज तीन दिवस फोनवर तसाच पडून होता. 'ताई, माझं पाहिलंस का?' कामात होते, असं थोरली तिला सांगणार होती.

तिथे नवऱ्याने ब्राउझरमध्ये बसवून दिलेलं एक्स्टेन्शन कामी आलं. नवऱ्याचं घराच्या पुढच्या खोलीत फोटो छापायचं दुकान. गिऱ्हाइकांचे बारके फोटो त्याला दिवसभर मोठे करून बघावे लागतात. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या फोटोवर माऊस नुसता टेकवायचा की तो पडदाभर होतो, हलवला की गेला.

"कुठे नोंद तर राहत नाही ना?" तिने दोनदा विचारलं होतं.

"नाही गं. हे कुणाची माहिती गोळा करत नाही. काय बघतेस, कितीदा बघतेस, ते तुझं तुला ठाऊक."

तेवढंच हवं होतं तिला. माऊस तिने आपल्या सोयीने डावीकडे ओढून घेतला होता आणि आतापर्यंत चाळीसेक वेळा तरी तो टेकवून झाला होता.

धाकटीने पांढऱ्या कापडावर गवतफुलं भरली होती, आणि मंडळाच्या प्रदर्शनात ती थेट दारासमोरच्या भिंतीवर लागणार होती. थोरलीच्या चिमण्यांना जिन्याजवळची जागा मिळाली होती, लोक कठडा धरून चपला काढतात तिथली. जिला सुई धरायला हिने शिकवलं ती दारासमोर आणि ही चपलांपाशी. पोटात दुखणार नाही तर काय होईल? गेले तीन दिवस ती त्या फुलांत खोट शोधत होती. एक पाकळी वाकडी निघाली असती तरी तिला जेवण गोड लागलं असतं.

आणि आज ती सापडली. पाकळ्यांत नाही, देठांत.

"अहो, इकडे या जरा."

नवरा फोटो कापायचं ब्लेड हातात घेऊनच आत आला.

"हे तिच्या हातचं काम नाही," थोरली म्हणाली. "देठाचे टाके बघा. उजव्या हाताने भरलं की ते एका अंगाला कलतात, डाव्या हाताने भरलं की दुसऱ्या. शंभर बायका बसवा समोर, नुसत्या टाक्यावरून डावखुरी ओळखून दाखवते. हे सगळे देठ डाव्या हाताचे आहेत. आणि आमच्या बाईसाहेबांना डाव्या हाताने दाराची कडीसुद्धा लावता येत नाही. कुणाकडून तरी करून घेतलंय."

काम मांडणाऱ्याच्या स्वतःच्या हातचं हवं, असा मंडळाचा नियम होता. हरकत घ्यायला आज पाचपर्यंत वेळ होता. हरकतीचा फॉर्म तिने शेजारी उघडूनच ठेवला होता, दोन ओळी लिहूनही झाल्या होत्या. गवतफुलं बाद झाली की दारासमोरची जागा रिकामी होणार. निवडीच्या यादीत त्यानंतर कुणाचं नाव आहे तेही तिने पाहून ठेवलं होतं. तिचंच होतं.

नवरा वाकून बघत राहिला. "सुरेख आहे गं."

"मी ते विचारलं नाही."

"बरं. मग तिच्या ओळखीत डावखुरं कोण आहे?"

त्याने सहज विचारलं होतं. त्याला परत जाऊन फोटो कापायचे होते. थोरली मनात एकेकीला आठवू लागली. धाकटीची शेजारीण, नणंद, शिवणाच्या क्लासातल्या त्या दोघी. सगळ्या उजव्या हाताने भरणाऱ्या. एकही सापडेना. मग तिचं लक्ष माऊसवरच्या आपल्या डाव्या हाताकडे गेलं.

धाकटी आठ वर्षांची असेल. मांडीला मांडी लावून शेजारी बसायची, हातात रुमाल घेऊन. "दोरा सुईच्या खाली ठेव, सोपं जातं," हिने शंभरदा सांगितलं होतं, दोनदा धपाटाही घातला होता. ती पोरगी ऐकेल तर शपथ. दोरा सुईच्या वरूनच घ्यायची, म्हणजे उजव्या हाताचे टाकेही उलट, डाव्या हातासारखे कलतात. "खालून घेतला की तुझ्यासारखे नाही ना दिसत," म्हणायची. मोठी झाल्यावर सोडलं असेल, असं ही धरून चालली होती. तीस वर्षांत कधी तिचं काम इतकं जवळून पाहिलंच नव्हतं.

"मग? पाठवतेस का ते?" नवऱ्याने फॉर्मकडे बोट दाखवलं.

"जा तुम्ही. गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

तो गेला. थोरलीने फॉर्म बंद केला. पोटातलं दुखणं थांबलं नव्हतं. उलट वाढलंच होतं, कारण आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं. मग माऊस फोटोवर नेला आणि क्लिक केलं. खाली पाहणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आलं.

मिनिटभरात फोन वाजला. धाकटी यादी उघडूनच बसली असावी.

"ताई, पाहिलंस?"

"पाहिलं."

"देठ जमलेत का गं?"

थोरलीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"डावीकडून तिसरा सैल पडलाय," ती म्हणाली. मग नजर एकेका देठावरून पुढे नेली.

"बाकीचे माझ्यापेक्षा बरे आलेत."